फेब्रुवारी-मार्चमधील कामशेत : पॅराग्लायडिंगसाठी बदलत्या वाऱ्याचा दिवस कसा ओळखावा?

नवी भरारी (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. गेल्या डिसेंबरात मी कामशेतला पॅराग्लायडिंगचा पी-१ आणि पी-२ (प्रशिक्षणाचे पहिले दोन टप्पे) असा अभ्यासक्रम पूर्ण केला. आजवरची माझी २२ उड्डाणे डिसेंबर-जानेवारीतली, म्हणजे थंडीच्या शांत हवेतली आहेत. सकाळी साडेआठच्या सुमारास पूर्वेचा वारा हळूहळू सुरू व्हावा, साडेदहापर्यंत तो एकसारखा वाहावा आणि तेवढ्यात आम्ही दोन-तीन उड्डाणे करून खाली यावे, एवढेच मला माहीत होते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र हे गणित जुळेनासे झाले आहे. लागोपाठ तीन रविवार मी पहाटे पाचला घरून निघालो आणि तिन्ही वेळा ग्लायडर पाठीवर घेऊन जसाच्या तसा परतलो. पहिल्या रविवारी साडेनऊपर्यंत पानही हलत नव्हते आणि दहाच्या पुढे एकदम झोत येऊ लागले. दुसऱ्या रविवारी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दर पाच-दहा मिनिटांनी तोंड फिरवत होता. तिसऱ्या रविवारी वारा समोरून, अगदी बेताचा होता. पण मधूनच सॉक लुळा पडायचा आणि पुन्हा भरायचा. त्या दिवशी माझ्यासमोर दोघांनी उड्डाण केले, दोघेही सुखरूप उतरले आणि मी मात्र हार्नेस अंगात अडकवून तासभर नुसता उभा राहिलो. मोबाइलवरचा अंदाज तिन्ही दिवशी जवळपास सारखाच होता : ताशी १० ते १२ किलोमीटर.

माझे ग्लायडर ईएन-ए प्रमाणपत्राचे, म्हणजे नवख्यांसाठीच्या सर्वांत सुरक्षित वर्गातले आहे, रिझर्व्ह पॅराशूट यंदाच उघडून पुन्हा भरून घेतले आहे. म्हणजे साधनांचा प्रश्न नाही, निर्णयाचा आहे. या दिवसांत टेकडीवर पोहोचल्यावर नेमके काय पाहावे, सकाळी कितीपर्यंत उडावे आणि संध्याकाळचे उड्डाण माझ्यासारख्याने करावे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

घाटमाथा

तिसऱ्या रविवारी आपण उभे राहिलात ते योग्यच केलेत. ते दोघे सुखरूप उतरले यावरून हवा चांगली होती असे सिद्ध होत नाही. मी चौदा वर्षे याच डोंगरांवर उडतो आहे, आणि माझ्या मते वर्षातला सर्वांत फसवा काळ विचारला तर तो मेमधला नव्हे, महाशिवरात्र ते गुढीपाडवा या दरम्यानचा आहे. मेमध्ये वाऱ्याचा जोर उघड दिसतो, त्यामुळे माणूस आपोआप सावध असतो. या दिवसांत मात्र सकाळ डिसेंबरसारखी असते आणि दुपार एप्रिलसारखी.

त्याचे कारण पुण्यात राहणाऱ्या कोणालाही अंगावर जाणवते. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी छत्री. फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळचे तापमान १३-१४ अंशांवर आणि दुपारचे ३३-३४ अंशांवर असते, म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा फरक. रात्री जमीन थंड होते तेव्हा तिला चिकटलेली हवाही थंड होऊन दरीत साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. पवनेच्या बाजूला सकाळी धुराचा आडवा पट्टा एकाच उंचीवर तरंगताना आपण पाहिला असेल; ती त्या झाकणाची खालची कड. हे झाकण असेपर्यंत वरचा वारा खाली पोहोचत नाही, म्हणून साडेनऊपर्यंत पान हलत नाही. ऊन चढले की खालची हवा तापून वर उठू लागते, झाकण फुटते आणि तोवर वर अडकलेला वारा थर्मलच्या, म्हणजे या वर उठणाऱ्या गरम हवेच्या, जोडीने एकाच वेळी खाली उतरतो. आपल्या पहिल्या रविवारचे दहा वाजताचे झोत हे त्यामुळे होते. जानेवारीत ऊन कोवळे असल्याने हीच घटना सावकाश घडते, कधी कधी घडतच नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. थंडीत आपल्याकडे मुख्य वारा पूर्वेचा असतो, उन्हाळ्यात पश्चिमेचा. हा बदल एका तारखेला होत नाही, तो या दोन महिन्यांत रोज थोडा थोडा होतो. शिवाय कोकण तापले की समुद्रावरून येणारा वारा घाट चढून दुपारनंतर मावळात शिरतो. त्यामुळे एकाच दिवशी सकाळी पूर्वेचा, मध्ये कोणाचाच नाही आणि चारनंतर पश्चिमेचा, अशी तीन वेगवेगळी सत्रे होतात. कामशेतच्या आसपास पूर्वेला तोंड असलेले उतार आहेत तसे पश्चिमेला तोंड असलेलेही आहेत, म्हणून तर येथे शाळा उभ्या राहिल्या. पण दोन सत्रांमधला जो काळ आहे, तो कोणत्याच उताराचा नाही. आपला दुसरा रविवार नेमका त्यात गेला.

आता आकड्यांचे. ताशी १२ किलोमीटर हा सरासरी वेग आहे, आणि सरासरीवर कोणी उडत नाही. टेकऑफवर वेगमापक हातात धरून निदान पंधरा मिनिटे उभे राहा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त असे दोन आकडे वहीत लिहा. किमान १० आणि कमाल १६ असेल तर हवा एकसारखी आहे. किमान ३ आणि कमाल २२ असेल तर सरासरी तितकीच येईल, पण तो दिवस तुमचा नाही. आपले ग्लायडर ब्रेक सोडून साधारण ताशी ३६ किलोमीटरने पुढे जाते. समोरून २८ चा झोत आला तर जमिनीच्या हिशेबाने ८ उरले, आणि वारा उंचीबरोबर वाढतो हे लक्षात घेता शंभर मीटर वर गेल्यावर तेही उरणार नाहीत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, म्हणून १२ आणि २४ यांतला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा हातात फार मोठा लागतो.

पन्नास उड्डाणे होईपर्यंत या दिवसांत सकाळी दहानंतर टेकऑफ करू नये, असे मी माझ्याबरोबर येणाऱ्या नव्या मंडळींना सांगतो. काही सोबत्यांना हे फार कडक वाटते. माझे मत बदललेले नाही.

रानवारा

आपला तिसरा रविवार वाचून मला राहवले नाही, कारण 'वारा समोरून, बेताचा, मधूनच सॉक लुळा' हे वर्णन माझ्या अपघाताच्या सकाळचे आहे. घाटमाथा यांनी झोतांविषयी लिहिले आहे. मी त्याहून गुपचूप येणाऱ्या धोक्याविषयी लिहिते.

मार्चचा पहिला रविवार होता. पूर्वेकडच्या उतारावर पावणेअकरा वाजले होते. सॉक समोरून ताशी १२ दाखवत होता. मधे मधे तो पडायचा, एकदा तर मागच्या बाजूला वळल्यासारखा वाटला, पण लगेच पुन्हा समोरून भरला. आमच्या गटप्रमुखांनी हात केला आणि मी धावले. ग्लायडर सुरेख वर आले. साधारण चाळीस सेकंदांनी, टेकडीपासून फार दूर गेलेले नसताना, उजव्या हातातला ब्रेक एकदम हलका झाला. त्यात काही वजनच उरले नाही. वर पाहिले तर उजवीकडचे अर्धे कापड दुमडून दोऱ्यांवर लोंबत होते आणि मी उजवीकडे, म्हणजे टेकडीकडे, वळू लागले होते. शिकवल्याप्रमाणे सगळे अंग डाव्या बाजूला टाकले, डावा ब्रेक फक्त वळण थांबेल इतकाच धरला आणि उजवीकडची बाजू आपोआप उघडली. जमीन तेव्हा पंचवीस-तीस मीटरवर असावी. भाताच्या रिकाम्या खाचरात उतरले, बांधाला पाय लागला आणि घोटा मुरगळला. सहा आठवड्यांची विश्रांती एवढ्यावर निभावले.

नंतर त्या दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा कळले की वर पश्चिमेचा वारा साडेदहालाच सुरू झाला होता. म्हणजे मी वाऱ्याच्या आडोशाला, टेकडीच्या पाठीमागच्या घुसळणाऱ्या हवेत उडी घेतली होती. मग सॉक समोरून का दाखवत होता? कारण पूर्वेचा उतार सकाळपासून उन्हात तापला होता. तापलेली हवा उताराला धरून वर चढत होती, आणि आपण जिला 'समोरचा वारा' म्हणत होतो ती ही चढणारी हवा होती. पायाशी असलेला सॉक त्या उताराची बातमी देतो, त्या दिवसाची नव्हे.

तेव्हापासून मी टेकऑफच्या सॉकला एकट्याला कधी विचारत नाही. समोरच्या डोंगरावर या दिवसांत कुठे ना कुठे वणवा लागलेला असतो. त्याचा धूर वर गेल्यावर कोणत्या बाजूला झुकतो ते पाहते. घारी थर्मलमध्ये गोल गोल फिरत वर चढतात, पण ते फिरणे वाऱ्याबरोबर सरकत जाते. दहा फेऱ्यांत त्या तिकोन्याकडून आपल्याकडे सरकल्या की आपल्याकडून तिकोन्याकडे, हे नीट पाहिले तर वरच्या वाऱ्याची दिशा मिळते. पवनेच्या पाण्यावर तरंगांचे काळे पट्टे कोठून कोठे पळतात ते पाहते. ढग असतील तर त्यांच्या सावल्या. या चारांपैकी दोघांनी जरी सॉकच्या विरुद्ध सांगितले, तरी मी हार्नेस काढून बाजूला बसते. आपल्या तिसऱ्या रविवारी धूर कोणत्या बाजूला होता, हे आपल्याला आठवते का?

आणि एक. त्या दिवशी गटप्रमुखांनी हात केला म्हणून मी धावले, हे मी मुद्दाम लिहिले आहे. निर्णय दुसऱ्याच्या हातावर सोपवण्याची सवय शिकाऊ काळात लागते आणि ती पी-२ नंतरही सुटत नाही. सॉक मागे वळताना मी स्वतः पाहिला होता.

वेधशाळेचा शेजारी (शिवाजीनगर)

मी पायलट नाही, हवामानाचा जुना अभ्यासक आहे. मुलगा उडतो म्हणून येथे वाचत असतो. अंदाज तिन्ही दिवशी सारखा दिसला याचे कारण बहुधा असे की आपण फक्त जमिनीजवळचा, म्हणजे दहा मीटर उंचीवरचा वारा पाहिला. कामशेत समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. हवामानाच्या नकाशात ८५० हेक्टोपास्कलचा थर साधारण १५०० मीटरवर येतो, तो आपल्या टेकड्यांच्या माथ्याच्या बराच वर असतो. सकाळी नऊ, अकरा आणि दुपारी दोन या तीन वेळांना या दोन्ही थरांतला वारा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. खाली पूर्वेचा ८ आणि वर पश्चिमेचा २५ असे चित्र असेल तर रानवारा यांनी जे सोसले त्याची ती आगाऊ सूचना आहे.

दुसरा आकडा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्याचा. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणले की ढगांचा तळ जमिनीपासून अंदाजे किती मीटरवर असेल ते कळते. दुपारी ३४ अंश आणि दवबिंदू १० असेल तर तळ ३००० मीटरवर जातो; अशा कोरड्या दिवशी थर्मल जोरदार असतात पण पावसाची भीती कमी असते. हाच दवबिंदू एक-दोन दिवसांत १८ वर गेला तर तळ २००० मीटरपर्यंत खाली येतो, आणि मार्चमध्ये असे होणे म्हणजे अवकाळीची तयारी. पुणेकर त्याला 'उकाडा वाढला' म्हणतात आणि ते बरोबरच असते.

अवकाळीच्या ढगाशी खेळ नको. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे सरावाच्या वेळी एवा विश्निएर्स्का ही जर्मन पायलट वादळी ढगात ओढली गेली आणि ९,९४६ मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टहून उंच गेली. ती बेशुद्धावस्थेत असूनही वाचली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. ती नवखी नव्हती, अव्वल दर्जाची स्पर्धक होती. ग्लायडरचे कान, म्हणजे दोन्ही टोके, दुमडून मिळणारा उतरण्याचा वेग सेकंदाला तीन-चार मीटर असतो आणि अशा ढगाखालची हवा दहा मीटरने वर जाते. मग उतरणार कसे? शिवाय ढग डोक्यावर यावा लागतोच असे नाही. त्याच्यातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत वीस-तीस किलोमीटर पुढे धावते, आणि गडगडाट ऐकू येण्यापूर्वी धुळीची भिंत दिसते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अॅप ४० किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना देते. ते फोनवर असावे आणि जमिनीवर थांबलेल्या सोबत्याने ते पाहत राहावे.

पवनाकाठ

राम राम. मी इकडचाच, धरणाच्या बाजूला आमची शेती आहे. उडणारी मंडळी गेली वीस वर्षे पाहतो आहे, म्हणून दोन शब्द.

वर म्हटल्याप्रमाणे वणव्याचा धूर पाहावा हे खरे, पण जळून गेलेला उतारही पाहावा. गवत पिवळे असते तोवर डोंगर एकसारखा तापतो. एकदा वणवा फिरला की काळा पट्टा तयार होतो आणि ऊन पडले की त्या काळ्या जागेवरून राख गरगरत वर उठते. आम्ही तिला वावटळ म्हणतो. फेब्रुवारीत लहान असते, मार्चमध्ये माणसाच्या डोक्यावरचे पटके नेते. खाली शेतात सकाळी साडेनऊ-दहालाच वावटळ दिसली तर त्या दिवशी वारा लवकर बिघडणार, असे आमची म्हातारी माणसे न उडताही सांगत असत.

उतरण्याविषयी. डिसेंबरात भात निघालेला असतो, खाचरे मोकळी दिसतात आणि मंडळींना सवय लागते. त्यानंतर त्याच खाचरांत हरभरा, गहू, मसूर उभे असते. वरून हिरवा गालिचा मऊ दिसत असेल, पण घाटे भरलेल्या हरभऱ्यात ग्लायडर ओढत नेले तर आमचे वर्षाचे कडधान्य जाते. कोणी मुद्दाम करत नाही हे मला ठाऊक आहे. वारा बिघडला की मिळेल तिथे उतरावेच लागते आणि जीव आधी. तसे झाले तर ग्लायडर ओढू नये, जागेवरच गोळा करून उचलावे आणि वस्तीवर येऊन सांगावे. भरपाईपेक्षा आम्हाला सांगितल्याचे बरे वाटते. आणखी असे की, विहिरींवर मोटारी बसल्यापासून शेतांतून विजेच्या तारा गेल्या आहेत. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असे धरून चालावे.

नवी भरारी

सर्वांचे मनापासून आभार. रानवारा ताई, आपल्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, कारण त्या दिवशी मी धुराकडे पाहिलेच नव्हते. मात्र टेकऑफवरून काढलेला एक फोटो सापडला. त्यात लोहगडाच्या बाजूचा धूर वर जाऊन स्पष्टपणे पूर्वेकडे, म्हणजे आमच्या मागून पुढे, वाकलेला आहे. सॉक त्याच फोटोत समोरून भरलेला दिसतो. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

काल चौथ्या रविवारी पुन्हा गेलो. आदल्या रात्री दोन्ही थरांचा वारा पाहिला : सकाळी नऊला वर-खाली दोन्हीकडे पूर्वेचा, अकराला वर पश्चिमेचा. दवबिंदू ९. पावणेआठला टेकडीवर पोहोचलो, पंधरा मिनिटांची नोंद तीनदा घेतली. तिसऱ्या वेळी किमान ८, कमाल १३ आले. ९ वाजून ५ मिनिटांनी पहिले उड्डाण केले, सहा मिनिटांचे, ९.४० ला दुसरे, नऊ मिनिटांचे. दुसऱ्या उड्डाणात उताराच्या उजव्या टोकाला व्हॅरिओ (आपण वर चढतो की खाली उतरतो ते सांगणारे यंत्र) एकदम वाजू लागला आणि खांदे पट्ट्यांत ओढले गेले. मोह झाला, पण तसाच पुढे निघून उतरलो. १०.१० ला ग्लायडर बांधत असताना दोन घारी डोक्यावरून फिरत फिरत पूर्वेकडे वाहत गेल्या. सॉक तेव्हाही समोरूनच भरलेला होता. शेजारच्या गटातील एका मुलाला मी ते दाखवले, आणि तोही थांबला.

संध्याकाळी पश्चिमेच्या उतारावर पाचला वारा ताशी २६ होता, म्हणून बसून राहिलो. सहाला तो १८ पर्यंत उतरला, पण सूर्यास्त पावणेसातचा आणि तो उतार माझ्या ओळखीचा नाही, म्हणून उडालो नाही. हे योग्य झाले का?

घाटमाथा

योग्य झाले. संध्याकाळचा पश्चिमेचा वारा एकदा बसला की सकाळपेक्षा मऊ असतो आणि १८ हा आकडाही वाईट नाही, पण अनोळखी उताराचे पहिले उड्डाण उजेड संपत असताना करू नये. शिवाय खिंडीजवळ वारा चेपला जाऊन वेग वाढतो. उताराच्या मध्यावर १८ असेल तेव्हा कडेला २५ मिळू शकतो. पुढच्या वेळी चार वाजता या, तो उतार आपण आधी पायी उतरून पाहू, लँडिंगची जागा आणि तिथल्या तारा जमिनीवरून डोळ्यांखाली घालू, आणि मग वारा देईल तसे.

पवनाकाठ

पायी उतरणार असाल तर ओढ्याच्या बाजूने या. आमचा हरभरा या आठवड्यात उपटला, गहू पंधरा दिवसांत निघेल. रस्त्याकडचे मोठे खाचर आता पावसाळ्यापर्यंत मोकळे आहे, त्यात खुशाल उतरा. फक्त उत्तरेच्या बांधावर यंदा काटेरी तारेचे नवे कुंपण घातले आहे. त्याला लाल चिंध्या बांधून ठेवतो, म्हणजे वरून दिसेल.